कर्जाची वही आणि कायदा

१९१७ साली मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा खून झाला. डंकन रोड म्हणजे आजचा मौलाना आझाद मार्ग, कामाठीपुऱ्याला खेटून जाणारा. अकूताईने तिथून पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. तिला पकडून परत आणण्यात आले आणि कुंटणखाना चालवणाऱ्यांनी केलेल्या छळात तिचा जीव गेला. खटला उभा राहिला तेव्हा त्याच घरातल्या तिच्या सोबतिणींनी साक्षी दिल्या. मुंबईच्या वेश्यावस्तीविषयी तोवर पोलीस, डॉक्टर, मिशनरी आणि वर्तमानपत्रे बोलत आली होती. तिथे राहणाऱ्या बायकांचे स्वतःचे म्हणणे सरकारी कागदावर उतरण्याचे प्रसंग विरळच होते.

या साक्षींतून जे समोर आले त्याने शहर हादरले. या बायकांना मोकळेपणी बाहेर पडता येत नव्हते. दिवसाची कमाई त्यांच्या हाती पडत नव्हती. आणि त्या कुंटणखान्याच्या मालकाच्या देणेकरी होत्या. खाणे, लुगडी, दागिने, औषधपाणी सारे त्यांच्या नावावर चढत होते. कुलूप आणि काठी होतीच, पण त्या दोहोंना आधार होता तो या देण्याचा. ‘माझे पैसे टाक आणि जा’ असे म्हणणाऱ्या माणसाला आपण काही गैर करतो आहोत असे वाटतच नव्हते.

माणसांच्या व्यापाराविरुद्ध आपल्याकडे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेक कायदे झाले. ते कुणी केले, कोणत्या दबावाखाली केले, याचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्या कायद्यांकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे. माणसाला विकत घेतल्यावर त्याला जागेवर बांधून ठेवणारी जी कर्जाची वही, तिचे कायद्याने काय केले?

कुणबिणीचे नाव बदलले

अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रे चाळणाऱ्याला ‘कुणबीण’ हा शब्द वारंवार भेटतो. कुणबी जातीची स्त्री असा त्याचा अर्थ तिथे नसतो; तो दासीसाठी वापरलेला असतो. कुणबिणी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, किल्ल्यांवर, कोठारांत आणि सरदारांच्या वाड्यांत राबत. व्यभिचाराचा आरोप आलेल्या स्त्रियांनाही कुणबिणी करून सरकारात जमा केले जाई. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या मुलींची त्यांत भर पडे. हा व्यवहार चोरीछुपे होत नव्हता. त्याची नोंद सरकारी दप्तरात होत होती.

कंपनी सरकारने १८४३ साली पाचवा कायदा केला. गुलामगिरी बंद करणारा कायदा म्हणून तो ओळखला जातो. पण त्याचे काम बारकाईने पाहिले तर त्याने एकाही गुलामाला हात धरून बाहेर काढले नाही. त्याने एवढेच सांगितले, की गुलामावरील मालकीहक्क सरकारी न्यायालये यापुढे मानणार नाहीत. मालकाने फिर्याद आणली तर ती ऐकली जाणार नाही. गुलाम म्हणून माणसाची खरेदीविक्री करणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, कलम ३७० आणि ३७१ खाली. वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलामुलींच्या खरेदीविक्रीवर ३७२ आणि ३७३ ही कलमे आली.

म्हणजे माणूस ही मालमत्ता राहिली नाही. पण माणसाने घेतलेले कर्ज ही मालमत्ता राहिली. विकत घेतलेल्या मुलीची किंमत ‘तिच्या बापाला दिलेली उसनवार’ म्हणून लिहिली की व्यवहाराचे नाव बदलत होते. मुलगी तिथेच राहत होती.

ही पळवाट सरकारला दिसत नव्हती असे म्हणता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २३व्या कलमात अनैतिक हेतूने केलेला करार रद्दबातल ठरवला आहे. कायदा समजावून सांगण्यासाठी त्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत त्यांतले एक असे आहे : आपली मुलगी रखेली म्हणून भाड्याने देण्याचा करार कुणी केला तर तो रद्दबातल समजावा, कारण तो अनैतिक आहे. सिमेंटच्या पुरवठ्याविषयी किंवा घरभाड्याविषयी बोलावे तितक्या कोरड्या सुरात कायद्याने हे उदाहरण दिले आहे. असे व्यवहार उदाहरणादाखल सुचावेत इतके परिचित होते, एवढा बोध त्यातून होतोच.

पण १८४३ आणि १८७२ या दोन्ही कायद्यांची पद्धत एकच होती. न्यायालयाचा दरवाजा मालकासाठी बंद करायचा. अडचण अशी, की कुंटणखान्याचा मालक वसुलीसाठी न्यायालयात कधी जात नव्हता. त्याची वसुली घरातल्या घरात, रोजच्या रोज होत होती. दाव्याची गरज त्याला नव्हती, कारण ऋणको त्याच्याच छपराखाली झोपत होती.

रोग, रंग आणि रस्ता

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारला वेश्यावस्तीची काळजी वाटू लागली ती गोऱ्या सैनिकांच्या आणि खलाशांच्या आरोग्यापायी. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा मुंबईत १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये स्थगित झाला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. नोंदणी, सक्तीची वैद्यकीय तपासणी, रोग आढळला तर इस्पितळात डांबणे, ही त्याची साधने. इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्यांविरुद्ध चालवलेल्या चळवळीचे फळ म्हणून ते तिकडे १८८६ मध्ये आणि इकडे दोन वर्षांनी गेले. या कायद्याच्या दृष्टीने बाई ही रोगाची वाहक होती. ती कुणाची देणेकरी आहे, हे तपासणीच्या तक्त्यात विचारले जात नव्हते.

पुढे जगभर चर्चा सुरू झाली ती ‘गोऱ्या गुलामांच्या व्यापाराची’. १९०४ चा पॅरिसचा करार आणि १९१० चे अधिसंमतिपत्र यांच्या नावातच गोरा रंग होता. मुंबईत याचे पडसाद कर्सेटजी सुखलाजी रस्त्यावर, लोकांच्या तोंडच्या ‘सफेद गल्ली’त उमटले. तिथे युरोपातून आलेल्या स्त्रिया राहत. त्यांच्यावर आणि त्यांना आणणाऱ्या दलालांवर पोलिसांचे बारीक लक्ष असे, आणि परकी दलालांना १८६४ च्या परदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्याखाली हद्दपार करता येई. शेजारच्या गल्ल्यांतल्या मराठी, तेलुगू, गुजराती, उत्तर हिंदुस्थानी बायका संख्येने कितीतरी अधिक होत्या. त्यांना आणणाऱ्या दलालांना हद्दपार करायचे तर कुठे?

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये नवा करार केला आणि नावातून रंग काढून टाकला. ‘स्त्रिया आणि मुले यांचा व्यापार’ असे त्याचे नाव ठेवले गेले. संरक्षणाची वयोमर्यादा त्यात २१ वर्षे होती. हिंदुस्थान सरकारने सही केली, पण २१ ऐवजी १६ वर्षे धरण्याची मुभा राखून ठेवली. या कराराची पूर्तता म्हणून १९२३ मध्ये दंडसंहितेत ३६६-अ आणि ३६६-ब ही कलमे घालण्यात आली. अल्पवयीन मुलीला फूस लावून नेणे आणि परदेशातून मुलगी आणणे यांसाठी त्यांत शिक्षा होती.

त्याच सुमारास मुंबईत अकूताईच्या खुनाचे पडसाद अजून विरले नव्हते. पोलिसांनी कुंटणखान्यांची चौकशी केली होती. १९२१ मध्ये मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाच्या प्रश्नावर एक समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे, दलाली करणे, या कामासाठी मुलगी आणणे हे त्याचे विषय. कुंटणखाना चालवणे हा गुन्हा ठरवायला मात्र १९३० ची दुरुस्ती यावी लागली.

एका कुंटणखान्यातल्या खुनानंतरच्या खळबळीत आकाराला आलेल्या कायद्याने प्रथम हात घातला तो रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला, आणि कुंटणखान्याला सात वर्षांनी. याचे कारण सरळ आहे. रस्त्यावरची बाई पांढरपेशा माणसाला दिसते, त्याला तिचा उपद्रव वाटतो, आणि पोलिसालाही तिला पकडणे सोपे जाते. कुंटणखान्याला घरमालक असतो, त्याचे भाडे असते, आणि त्या भाड्यामागे वजनदार हितसंबंध असतात. दारामागे काय चालते ते सिद्ध करायला आतली साक्ष लागते, आणि आतली बाई देणेकरी असते.

देवाला वाहिलेल्या

मुंबईच्या बाजारात मुली कुठून येतात, या प्रश्नाचे एक उत्तर दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुली, जोगतिणी, मुरळ्या. त्यांच्या बाजूने पहिले आवाज उठले ते कायदेमंडळाबाहेर. जोतीराव फुले यांनी मुरळी सोडण्याच्या चालीचा निषेध केला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी तो प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा हाती घेतला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकातून मुरळी सोडू नये म्हणून प्रचार केला, मुरळ्यांना लग्ने करून संसार थाटण्याचे आवाहन केले. १९०९ मध्ये एका मुरळीनेच त्या मासिकात पत्र लिहून त्याला साद दिली. कायद्याच्या इतिहासात अशा पत्राची नोंद होत नाही. पण ज्या स्त्रियांसाठी पुढे कायदे झाले त्यांच्यातली एक या पत्रातून स्वतः बोलत होती.

मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला १९३४ मध्ये. मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरले आणि वाहिलेल्या स्त्रीचे लग्न कायदेशीर मानले जाईल असे जाहीर झाले. मद्रास इलाख्यात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९२९ मध्येच एक वेगळी, फारशी चर्चा न झालेली सुधारणा झाली होती. देवळातल्या सेवेच्या मोबदल्यात देवदासींकडे असलेल्या इनाम जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या करण्यात आल्या. सेवा सोडली तर जमीन जाईल, ही भीती तिने काढून टाकली. बाईला बांधणारी दोरी आर्थिक आहे हे ओळखून ती तोडणारी आपल्याकडची ही एक आरंभीची तरतूद म्हणता येईल.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळ्या, पोतराज, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया यांच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांनी त्या स्त्रियांना हा धंदा सोडायला निक्षून सांगितले. मग पोट कसे भरायचे, हे तुम्ही मला विचाराल, पण ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे भाषण आज वाचताना कठोर वाटू शकते. पण ज्यांना समाज पतित म्हणून वगळत होता त्यांच्यापुढे सभा घेऊन, तुम्ही निर्णय घेऊ शकता असे गृहीत धरून बोलणारे नेते त्या काळात किती होते? बाबासाहेबांनी न दिलेले उत्तर द्यायची जबाबदारी पुढे खरे तर राज्यसंस्थेची होती. गडहिंग्लज-निपाणी भागातल्या देवदासी चळवळीने १९७० नंतर निवृत्तिवेतन, घर आणि मुलांचे शिक्षण या मागण्या लावून धरल्या, त्या याच जबाबदारीची आठवण करून देणाऱ्या होत्या. महाराष्ट्राचा स्वतःचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ चा म्हणून आला.

संविधान आणि १९५६ चा कायदा

संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि त्यासारखे सक्तीचे श्रम यांवर बंदी घातली. हे तिन्ही एकाच वाक्यात आहेत, हे इथे महत्त्वाचे. संविधानकर्त्यांच्या दृष्टीने कुंटणखान्यात विकली गेलेली मुलगी आणि सावकाराच्या शेतावर राबणारा वेठबिगार यांचा प्रश्न एका कुळीचा होता. संविधान सभेत के. टी. शहा यांनी देवदासींचाही उल्लेख तिथे करावा अशी दुरुस्ती सुचवली होती. मद्रासमध्ये तसा कायदा झालेलाच आहे, असे सांगून जी. दुर्गाबाई यांनी तिची गरज नसल्याचे म्हटले. या दुर्गाबाई म्हणजे पुढे चिंतामणराव देशमुखांशी विवाह झालेल्या दुर्गाबाई देशमुख.

मात्र कायदे करताना संसदेने ते एक वाक्य दोन तुकड्यांत वाटले. व्यापाराचा तुकडा ‘अनैतिक’ या शीर्षकाखाली गेला आणि वेठबिगारीचा तुकडा श्रम या शीर्षकाखाली, तोही वीस वर्षांनी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४९ च्या करारावर भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये सही केली. त्याच्या पूर्ततेसाठी १९५६ चा स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराचे दमन करणारा कायदा झाला. तो १ मे १९५८ पासून अमलात आला. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात हुस्नाबाई नावाची चोवीस वर्षांची तरुणी हजर झाली. या कायद्याने आपला पोटापाण्याचा व्यवसाय करण्याचा मूलभूत हक्क हिरावला जातो, धाकट्या भावंडांचा सांभाळ आपल्यावर आहे, असा तिचा अर्ज होता. अर्ज तांत्रिक कारणावर फेटाळला गेला. पण आठ वर्षांच्या संविधानाचा हवाला देऊन एका वेश्येने राज्यसंस्थेला जाब विचारावा, ही गोष्ट देशभर चर्चेचा विषय झाली.

कायद्याच्या विसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्याला असा अधिकार दिला होता, की एखादी वेश्या आपल्या हद्दीतून निघून जाणे सार्वजनिक हिताचे वाटले तर तसा हुकूम तो काढू शकेल. हे कलम समतेचा आणि संचाराचा हक्क मोडते की काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९६३ मध्ये न्यायालयाने कलम वैध ठरवले. एका गावाच्या हद्दीतून काढलेली बाई दुसऱ्या गावाच्या हद्दीत जाते. जाण्यासाठी तिला गाडीभाडे लागते, पागडी लागते, ओळख लागते. म्हणजेच नवे कर्ज लागते.

असे असले तरी १९५६ च्या कायद्याला कर्जाचा विसर पडला होता असे नाही. सहाव्या कलमात ते आहे. बाईचे दागिने, कपडे, पैसे कुणी अडकवून ठेवले, किंवा उसने दिलेले घेऊन गेलीस तर खटला भरीन अशी धमकी दिली, तर त्याने तिला डांबून ठेवले आहे असे गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. तिच्याकडून येणे असल्याचे सांगून पैशांच्या वसुलीचा कोणताही दावा डांबणाऱ्याला लावता येणार नाही, असेही सांगते. हे कलम लिहिणाऱ्याला कुंटणखान्याचे अर्थकारण चांगले ठाऊक होते. तरीही उपाय १८४३ चाच : दावा चालणार नाही. कर्ज नाहीसे झाले आहे, ते मागणे हाच गुन्हा आहे, असे कायद्याने तिला सांगितले नाही.

प्रत्यक्षात पोलिसांच्या हातात या कायद्यातली जी कलमे खेळती राहिली ती वेगळीच. आठवे कलम, गिऱ्हाईक बोलावण्याचे. सातवे कलम, सार्वजनिक जागेजवळ व्यवसाय करण्याचे. १९८६ मध्ये कायद्याचे नाव बदलून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झाले, ‘स्त्री’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला. पण दंड भरण्यासाठी बाईने घरवालीकडून पैसे घ्यायचे आणि ते तिच्या वहीत चढायचे, ही रीत नाव बदलल्याने थांबली नाही. सरकारने केलेला दंडही अशा तऱ्हेने मालकिणीचे भांडवल होतो.

दुसरा कायदा, दुसरी पद्धत

२३व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या तुकड्यावरचा कायदा आला तो आणीबाणीत. २४ ऑक्टोबर १९७५ चा अध्यादेश आणि मग १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. आणीबाणीतल्या अनेक गोष्टींविषयी बोलावे तितके थोडे. पण कायदा लिहिण्याच्या दृष्टीने हा मसुदा धाडसी होता. वेठबिगाराचे कर्ज त्याने नुसते वसुलीअयोग्य ठरवले नाही, तर संपवले. कायदा लागू होताच ते फेडण्याचे बंधन संपुष्टात आले असे मानले जाईल, असे सहावे कलम म्हणते. संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हा नवव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि पंधरावे कलम आणखी पुढे जाते. हे कर्ज वेठीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर.

१९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. भूक आणि गरिबी यांच्या रेट्यामुळे दुसरा पर्यायच उरला नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तेही सक्तीचे श्रम. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयीच्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले, की मजूर सक्तीने राबतो आहे असे दिसले तर तो काही उचल किंवा मोबदला घेतल्यामुळे बांधला गेला आहे असे गृहीत धरावे.

‘उचल’ हा शब्द महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी, जिला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, ती मुकादमाकडून उचल घेऊन निघते. रायगड-ठाण्यातले कातकरी कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर जातात ते उचलीवर. हंगाम संपला, हिशेब झाला, उचल फिटली, तर तो आगाऊ मजुरीचा व्यवहार. हिशेब मालकाने केला, उचल शिल्लक राहिली आणि ती पुढच्या वर्षावर, बायकोवर, मुलावर चढली, तर ती १९७६ च्या कायद्यातली वेठ. दोहोंमधली रेषा वहीत असते आणि वही मालकाकडे असते.

कामाठीपुऱ्यात हीच वही वेगळ्या नावांनी चाले. विकत आणलेली मुलगी ‘छुकरी’; तिची किंमत वसूल होईपर्यंत तिला काही मिळायचे नाही. ती वसूल झाली, असे घरवालीने ठरवले, की ती ‘अधिया’, म्हणजे निम्म्या कमाईची हकदार. मुकादम आणि घरवाली यांच्या हिशेबाची रीत इतकी सारखी आहे, की दोघांना दोन कायदे का लावले जातात असा प्रश्न पडावा. १९७६ च्या कायद्याच्या व्याख्येत तर ‘कोणतेही श्रम किंवा सेवा’ असे शब्द आहेत. कुंटणखान्याचे दार त्यांनी वगळलेले नाही.

सुटकेनंतरचे कुलूप

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर शहरातल्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळमधून आणलेल्या होत्या. छापा दोन दिवसांचा असतो, पुढचे दिवस कुणी मोजलेले नसतात. सरकारी सुधारगृहांत इतक्या जणींची सोय नव्हती. एचआयव्हीच्या चाचण्यांच्या बातम्या छापून आल्या. नेपाळी मुलींना परत घेण्याबाबत त्यांच्या सरकारने चालढकल केली आणि अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या तेव्हा काही महिन्यांनी त्यांतल्या अनेकजणी घरी गेल्या. काही सुधारगृहातच मरण पावल्या.

या अनुभवातून न्यायालयीन पद्धतीत काही सुधारणा झाल्या. कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी १९८८ पासून रात्रीचे पाळणाघर चालवणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्णय दिला. छाप्यात सापडलेली अल्पवयीन मुलगी ही आरोपी नव्हे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आहे, तिचे प्रकरण बालकल्याण समितीपुढे गेले पाहिजे. दलालाचा वकील तिचाही वकील म्हणून उभा राहू शकत नाही. हा दुसरा मुद्दा न्यायालयाला स्पष्ट सांगावा लागला, यावरून तोवर काय चालत होते ते कळते. मुलीला ‘नातेवाईक’ म्हणून सोडवायला येणारी माणसे अनेकदा वहीच्या मालकाची असत.

सज्ञान स्त्रियांचे काय, हा प्रश्न उरला. कायद्याच्या सतराव्या कलमाखाली त्यांना एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. सुटकेच्या नावाखाली तीन वर्षे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडच्या छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. वेश्याव्यवसाय करणे हा या कायद्याने मुळात गुन्हा ठरवलेला नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बासष्ट वर्षांपूर्वी हुस्नाबाईने मांडलेला प्रश्न अशा तऱ्हेने थोडासा पुढे सरकला.

दोन खुनांमधले अंतर

सप्टेंबर १९९९ मध्ये कोलकात्याच्या वेश्यावस्तीत एका स्त्रीचा मारहाणीत खून झाला. आरोपीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये फेटाळले आणि तिथे न थांबता या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. प्रकरण बुद्धदेव कर्मास्कर या नावाने ओळखले जाते. हे नाव खून करणाऱ्याचे आहे. त्याच प्रकरणात १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने निर्देश दिले : सज्ञान आणि स्वेच्छेने हे काम करणाऱ्या स्त्रियांना छाप्यात अटक, दंड किंवा छळ सोसावा लागू नये, पोलिसांनी त्यांना इतर नागरिकांसारखी वागणूक द्यावी, सुधारगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना सोडावे.

दरम्यान, भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलला मान्यता दिली होती. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये दंडसंहितेचे ३७०वे कलम नव्याने लिहिले गेले. फेब्रुवारीच्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत ‘वेश्याव्यवसाय’ आणि ‘सक्तीचे श्रम’ हे दोन्ही शब्द होते. पहिल्याला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी हरकत घेतली. शोषण आणि व्यवसाय एकच मानू नका, असे त्यांचे म्हणणे. संमत झालेल्या कायद्यात तो शब्द राहिला नाही, पण त्याच्याबरोबर ‘सक्तीचे श्रम’ हेही गळाले. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमात तीच व्याख्या पुढे आली आहे. सर्व प्रकारच्या मानवी व्यापाराला कवेत घेणारे विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत आलेच नाही आणि सभागृहाची मुदत संपताच बाद झाले.

या मोठ्या घडामोडींच्या गर्दीत एका लहान तरतुदीकडे फारसे लक्ष गेले नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१६ मध्ये वेठबिगारांच्या पुनर्वसनाची योजना सुधारली. प्रौढ पुरुषाला १ लाख रुपये, स्त्रिया आणि मुले यांना २ लाख, आणि कुंटणखाने, मसाज पार्लर अशा ठिकाणच्या लैंगिक शोषणातून किंवा मानवी व्यापारातून सोडवलेल्या स्त्रिया, मुले आणि तृतीयपंथी यांना ३ लाख रुपये. संविधानाने एका वाक्यात ठेवलेल्या आणि संसदेने दोन कायद्यांत वाटलेल्या गोष्टी इथे, एका सरकारी योजनेच्या तक्त्यात, पुन्हा एकत्र आल्या. कुंटणखान्यातली मुलगी वेठबिगार असू शकते, हे राज्यसंस्थेने रकमेसह मान्य केले.

पण मोठी रक्कम मिळणे गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेले आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार पांगतात, आणि मुलगी तोवर तात्पुरत्या मदतीवर. शिवाय या योजनेचा उपयोग व्हायचा तर छाप्यानंतर कुणीतरी १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण न्यायला हवे, मुक्तीचा दाखला मिळवायला हवा. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदताना लावली जातात ती अनैतिक व्यापाराची कलमे. वेठबिगारीचा कायदा महसूल आणि कामगार खात्याचा. दोन खात्यांच्या मधल्या जागेत कर्जाची वही सुरक्षित राहते.

इथे नवा कायदा मागण्याचा मोह होतो. पण वर पाहिल्याप्रमाणे शब्द कमी पडलेले नाहीत. कर्ज रद्दबातल आहे हे १८७२ पासून लिहिलेले आहे, त्याचा दावा चालणार नाही हे १९५६ पासून, आणि ते संपले आहे, मागणाराच गुन्हेगार आहे हे १९७६ पासून. कमी पडली ती चौकशीची एक साधी पायरी. सुटका झालेल्या प्रत्येक व्यक्तीला तिचे वय, गाव आणि बापाचे नाव विचारले जाते. तुझ्या नावावर किती देणे दाखवले आहे, ते कुणी लिहिले, आणि ते तुझ्या घरच्यांकडे मागायला कुणी येणार आहे का, हे विचारले जात नाही. ते विचारून त्याच दिवशी, लेखी, ‘हे कर्ज संपले’ असे तिला आणि तिच्या घरी कळवले, तर सुधारगृहाच्या दारातून बाहेर पडणारी बाई निदान त्याच गल्लीकडे परत ओढली जाणार नाही.

डंकन रोडच्या साक्षीदार बायकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे देणे न्यायालयाला सांगितले होते. न्यायालयाने खुनाचा न्याय केला, सरकारने रस्त्याचा कायदा केला. त्या बायकांच्या देण्याचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही.